कमी डेटातला अर्जुना

आधीच सांगून ठेवते. ज्याला नुसती करमणूक हवी असेल, त्यानं इथूनच मागं फिरावं.

ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरची गोष्ट आहे. नावंसुद्धा बदललेली नाहीत. ज्यांची भीड धरावी, असं त्या घरात कुणी वागलेलंच नाही.

कवठे महांकाळवरून आरेवाडीच्या बाजूला निघालं की माळावर आमच्या मावशीची वस्ती लागते. थोडीच घरं, सगळी धनगरांची. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ हिंडायची. म्हैसाळच्या योजनेचं पाणी आलं, तशी आता द्राक्षं लावतात. मेंढरं अजून आहेत, पण दारातल्या वाडग्यात, म्हणजे काट्याच्या कुंपणात.

मावशीचं नाव तानुबाई. भित्री बाई नव्हे ही. कळपात लांडगा शिरला, तर गड्यांच्या आधी काठी घेऊन धावणारी. लिहिता-वाचता येत नाही, पण शेकड्यानं मेंढरं एकत्र मिसळली तरी नुसतं तोंड बघून आपलं कुठलं ते सांगायची.

अशा बाईचा तिच्याच घरच्यांनी केसानं गळा कापला.

तो दिवस गेल्या सालच्या शिमग्यानंतरचा. बिरोबाची जत्रा तोंडावर आलेली. मावशी घरात एकटी होती, आणि दिवेलागणीला फोन वाजला…

पण त्याच्या आधीचं थोडं ऐका, नाहीतर काही कळायचं नाही.

मावशीला दोन मुलं. थोरला जोतीराम, तो आणि त्याची बायको सोनम मावशीजवळ राहतात. धाकटा अर्जुना. तो तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईच्या दुकानात होता. सोन्याचांदीचा चुरा भट्टीत वितळवून, ॲसिडमध्ये घालून शुद्ध करायचा, हे गलाईचं काम. आमच्याकडची पोरं त्या कामासाठी सगळ्या देशभर पांगलेली आहेत. वर्षातून एकदा घर बघतात.

त्यामुळं रोज व्हिडिओ कॉल. देवाला दिवा लावला, की मावशी अंगणातल्या जोत्यावर बसायची. तिथंच तेवढी रेंज यायची. सोनम फोन लावून हातात द्यायची. अर्जुना दिसला की मावशी आधी त्याला शिव्या घालायची.

"आरं, दाढी कर की! बोकडागत दिसाय लागलाईस."

तो हसायचा. मेंढरांमागचं कुत्रं, ढाण्या, त्याचा आवाज ऐकला की कुठूनही पळत यायचं आणि फोनची काच चाटायचं. शेजारची बयाबाई कॉल संपला की विचारायची, "काय म्हणतोय गं अर्जुना?" असं सगळं सुखाचं होतं.

मग मावशीच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला नेलं. ऑपरेशन झालं, मोठं.

ती शुद्धीवर आली, तेव्हा उशाशी सोनम होती. जोतीराम नव्हता.

बऱ्याच दिवसांनी आला. डोकं तासलेलं. मिशीसुद्धा नाही.

"आये, तुज्यासाठी तिरुपतीला जाऊन आलो. केस दिलं देवाला."

मावशीनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडली. म्हणाली, असा ल्योक मिळायला नशीब लागतं.

घरी आल्यावर काही दिवस अर्जुनाचा फोन नव्हता. दुकानात काम लय हाय, असं सोनम सांगायची. मावशी रोज विचारायची. रोज. शेवटी एका संध्याकाळी फोन आला.

पण चित्र… काहीतरी वेगळंच होतं.

सगळे चौकोन. गोधडीला ठिगळं लावावीत तसं तोंड. डोळे कुठले आणि नाक कुठलं, कळायला मार्ग नाही. चौकटीचा शर्ट तेवढा अर्जुनाचा वाटत होता.

"आगं, ह्यो असा का दिसतोय?"

"आत्ती, व्हिडिओ कॉल लय डेटा खातोय," सोनम म्हणाली. "म्हणून ॲपमधी कमी डेटावर ठिवलंय. चित्र धूसर येतं, पर बोलणं तुटत न्हाई. पूर्ण डेटावर ठिवलं की आपल्या रेंजला कॉलच पडतोय."

मावशीला त्यातलं काय कळणार? सून शिकलेली. सून म्हणते तर तसंच असेल.

आवाजही बसलेला होता. ॲसिडचा धूर घशात गेला, असं तो म्हणाला. बोलायचासुद्धा मोजकंच. "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास? ठिवू का?" एवढंच.

"जत्रेला येतोयास न्हवं? जतची पोरगी बघाय जायचं हाय," मावशी रोज म्हणायची.

"बघू आये."

पोरगं जत्रेला येणार, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. छातीची जखम त्या जोरावर भरून आली, म्हटलं तरी चालेल.

एकच गोष्ट तिला खटकायची. ढाण्या आता त्या आवाजाला मानसुद्धा वर करत नव्हता. म्हातारं झालंय, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

आता त्या संध्याकाळचं सांगते.

सोनमच्या माहेरी जतला साखरपुडा होता. दोघं नवरा-बायको सकाळीच गेली, मुक्कामाला. जाताना सोनम बजावून गेली, "आत्ती, आज फोन यायचा न्हाई बरं का. भावजींना काम हाय." घरातला फोन फळीवर ठेवलेला होता.

दिवस मावळला. मावशीनं दिवा लावला. सवयीनं फोन घेऊन जोत्यावर जाऊन बसली.

थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं…

मेंढरांचा आवाज बंद झालाय.

वाडग्यात एवढी जनावरं. एखादं तरी खोकतं, एखादं बेंबाटतं. त्या वेळेला कुणी रवंथसुद्धा करत नव्हतं. सगळी उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडं.

मग फोन वाजला.

तिनं हिरव्यावर बोट ठेवलं, आणि…

अर्जुना!

चौकोन नाहीत, ठिगळं नाहीत. लख्ख. समोर बसल्यासारखा. भुवईतला लहानपणीचा व्रणसुद्धा दिसत होता. पापण्यांचा केसन् केस मोजून घ्यावा.

केस नीट विंचरलेले. अंगावर नवं पांढरं कापड. आणि कपाळभर भंडारा, हळदीनं नुसतं पिवळं झालेलं.

"आगं बया! आज लय साफ दिसतोयास रं! भंडारा कुठनं मिळाला तिकडं?"

तो बोलला नाही.

"आवाज येत न्हाई व्हय?"

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. एरवी त्याच्या मागं भट्टीचा पंखा घरघरायचा, रस्त्यावरचे हॉर्न वाजायचे. आज मागं काहीच नव्हतं… अंधार होता, आणि त्या अंधारात कसलाही आवाज नव्हता. मावशीला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात ढाण्या पळत आलं. किती दिवसांनी! शेपूट हलवत आलं, काचेला नाक लावलं, चाटायला जीभ बाहेर काढली…

आणि तसंच मागं सरकलं. पोट जमिनीला घासत, कुंईकुंई करत, पार गोठ्यापर्यंत गेलं.

अर्जुना मावशीकडं बघतच होता. रागानं नव्हे. एखाद्याला आपल्याच घराच्या दारातून परत पाठवावं आणि त्यानं वळून बघावं, तसं.

मग फोन काळा झाला.

खरं सांगायचं तर मावशी घाबरली नाही. तिला आनंदच झाला होता. दुसऱ्या दिवशी सोनम दारात पाय टाकते न टाकते तोच हिनं सुरू केलं.

"सोनम, काल अर्जुनाचा फोन आल्ता! आगं, काय साफ दिसत हुता! कपाळभर भंडारा, अंगावर नवं पांढरं कापड…"

सोनमच्या हातातली पिशवी धपकन खाली पडली.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगीच नाही. सोनमनं झडप घालून फोन घेतला, मागच्या दारानं बाहेर गेली, आणि जोतीरामशी कुजबुजायला लागली. मावशी आत चुलीपाशी होती. पण वय झालं म्हणून कान गेलेले नाहीत तिचे.

"म्या जाताना नेट बंद करून गेल्ते. आत्ताबी बंदच हाय. कालचा एकबी कॉल ह्यात दिसत न्हाई…"

"बिरद्यानं लावला असंल."

"त्याला इचारलं. न्हाई म्हणतोय."

बिरद्या? बिरदेव म्हणजे मावशीचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. अर्जुनाच्याच वयाचा, अंगानं तसाच. लोणंदला कंपनीत कामाला. त्याचा इथं काय संबंध?

मावशी तशीच चूल फुंकत राहिली.

त्या संध्याकाळी नेहमीसारखा कॉल आला. नेहमीसारखे चौकोन.

"अर्जुना, कालच्यासारखा साफ दिस की रं."

पलीकडचा मागं सरकला. मग म्हणाला, "रेंज न्हाई आये. ठिवतो."

आणि ठेवलासुद्धा. पोरगं आईला घाबरलं, असं तिला वाटलं. तिचा अर्जुना तिला कधी भ्याल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कवठ्याचा बाजार होता. मावशीनं गोळ्या आणायच्या म्हणून सांगितलं, फोन पदराखाली घेतला आणि गेली. स्टँडजवळ दिलशादचं मोबाईलचं दुकान आहे. मावशी तिच्याकडं लोकर द्यायची पूर्वी, गाद्या-उशांसाठी. जुनी ओळख.

"दिलशाद, माजं पोरगं मला साफ दिसत न्हाई बघ. काय बिघाड हाय ते काढ."

दिलशादनं फोन बघितला.

"बिघाड न्हाई मावशी. ॲपमधी कॉलसाठी कमी डेटाचं बटन चालू केलंय कुणीतरी. दोघांपैकी एकानं जरी असं ठिवलं, की दोन्हीकडं धूसर दिसतं." तिनं ते बंद केलं. "आता माज्या दुकानाच्या वायफायवर लावते. आरशागत दिसंल बघा. ह्योच नंबर न्हवं, अर्जुना?"

सोनमनं अर्जुना म्हणून साठवलेल्या नंबरला दिलशादनं मिस कॉल दिला. घरीही तसंच करायचे. मिस कॉल गेला की तो लावायचा.

दोघी वाट बघत बसल्या. दिलशादनं चहा मागवला.

चहा आला, आणि पाठोपाठ फोन आला.

मावशीनं हिरव्यावर बोट ठेवलं.

चौकटीचा शर्ट. अर्जुनाचाच, कॉलरला मावशीनं स्वतः टाका घातलेला. तोंड आरशासारखं साफ.

बिरदेवचं तोंड.

तो नीट बसला होता, खोलीत अंधार करून. आपण साफ दिसतोय, ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. घसा मुद्दाम बसका केला आणि तो म्हणाला, "आये… जेवलीस का?"

मी विचारलं होतं मावशीला, की तेव्हा तुला काय वाटलं? ती म्हणाली, "पायाखालची भुई गेली म्हणत्यात ना, ती न्हाई गेली. भुई हुती तशीच हुती. माणसं गेली समदी."

फोनमध्ये तिचा भाचा तिला आई म्हणत होता. तिच्या पोराचा शर्ट घालून.

ती ओरडली नाही. "जेवले रं बाळा," एवढंच म्हणाली. फोन दिलशादकडं दिला आणि उठली. चहा तसाच राहिला.

घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. जोतीराम अंगणात कोकरांना पाला टाकत होता. सोनम धुणं काढत होती.

"जोत्या, तिरुपतीला केस कुणासाठी दिलंस?"

"आये…"

"बिरोबाची आण हाय तुला."

जोतीराम मटकन खाली बसला. एवढा दांडगा गडी, पण बोलायला लागला तो थांबेना.

"भट्टीच्या खोलीतच झोपला हुता गं… खिडकी लावलेली. वारा जायाला जागा न्हाई. सकाळी उठलाच न्हाई. तुजं ऑपरेशन त्याच दिवशी. डॉक्टर म्हणलं, धक्का बसला तर बाई हातची जाईल. म्या एकटा गेलो. तिकडंच माती दिली त्याला. हिकडं आणायचं बळ न्हवतं माज्यात."

"आन् घरी आल्यावर?"

"आज सांगू, उद्या सांगू म्हणलं. तू रोज इचारायचीस. बिरद्या म्हणला, त्याचा शर्ट दे, म्या बोलतो एक दिवस. चित्र धूसर ठिवलं की कळायचं न्हाई. एकाच दिवसाचं ठरलं हुतं आये. तू हसलीस त्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"वस्तीला ठावं हाय?"

सोनमनं मान खाली घातली.

"समद्यास्नी?"

सोनमनं मान वर केलीच नाही. म्हणजे सगळ्यांना! रोज पायरीवर बसून 'काय म्हणतोय गं अर्जुना' विचारणाऱ्या बयाबाईलाही. सगळी वस्ती मूग गिळून बसलेली, आणि ही एकटी येडी जतच्या पोरीच्या गोष्टी करत होती!

"आत्ती, तुमच्यासाठीच केलं समदं," सोनम रडत म्हणाली.

मावशी मग बोलली. तिचं ते बोलणं मला सोनमनंच सांगितलं, आणि सांगताना सोनम माझ्याकडं बघत नव्हती.

"म्हशीचं रेडकू मेलं तर आपण काय करतो रं, जोत्या? त्याचं कातडं काढतो. त्यात भुसकाट भरतो. म्हशीम्होरं उभं करतो. ती चाटती. तिला वाटतं पोरगं जित्तं हाय, आन् ती दूध सोडती. म्या बी केलंय, ह्या हातांनी. पर म्हशीला मालक फसवतो रं. तिची पोरं न्हाई फसवत."

जोतीराम पाय धरायला आला. तिनं पाय मागं घेतले.

"माजं पोरगं मातीत गेलं हुतं, आन् म्या त्या बिरद्यासंगं हसत हुते. रडायचा हक्क हुता माजा. त्यो बी तुमी चोरला."

तिला रडू येत नव्हतं. तेच तिला सहन होत नव्हतं. कुठल्या दिवसाचं रडायचं?

अंधारून आलं होतं. दिवा कुणी लावलाच नव्हता.

मग मावशीनं हळूच विचारलं, "परवा साफ दिसला, त्यो कोण हुता?"

जोतीरामनं सोनमकडं बघितलं.

"कपाळभर भंडारा हुता त्याच्या. बिरद्या न्हवता त्यो. भुवईला व्रण हुता."

जोतीरामच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "भंडारा म्याच लावला हुता, आये. घरनं पुडी नेल्ती. शेवटचा म्हणून. आन् नवं पांढरं कापड… त्येबी म्याच घातलं हुतं. आपल्याकडच्या कुणीच बघितलं न्हाई ते. म्या कुणाला सांगितलंबी न्हवतं."

"त्याचा फोन कुठं हाय?"

"ट्रंकंत. बंद. तिकडनं आणल्यापासनं उघडलाच न्हाई."

आणि मग त्या तिघांच्याही एकदम ध्यानात आलं…

मेंढरांचा आवाज बंद झाला होता.

मावशीच्या मांडीवरचा फोन उजळला.

दिलशादच्या दुकानातून निघाल्यापासून नेट बंदच होतं. सोनम मागं उभी होती, तिनं वरची खूण स्वतः बघितली. बंद. तरी फोन वाजत होता.

"आत्ती, उचलू नगा," सोनम म्हणाली. "पाया पडते."

मावशीनं उचलला.

लख्ख चित्र. तोच भंडारा, तेच पांढरं कापड. ह्या वेळेला आवाजही आला. बसलेला नव्हता. तिच्या अर्जुनाचाच.

"आये…"

"बाळा!"

"म्या रोज लावत हुतो, आये."

मावशीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"दिवा लागला की लावायचो. रोज बिझी. तू दुसऱ्यासंगं बोलत असायचीस. त्याला बाळा म्हणायचीस…"

"मला ठावं न्हवतं रं! बिरोबाशपथ ठावं न्हवतं! फसवलं रं मला ह्यांनी!"

तो थोडा पुढं वाकला. कान पुढं केला, जसा आपण आवाज येत नसला की करतो.

"आये, तुजा आवाज येत न्हाई गं."

"अर्जुना! म्या काय सांगते ऐक! मला ठावं न्हवतं…"

"न्हाई येत आवाज. ऱ्हाऊ दे."

मावशी ओरडत होती. वस्तीतली माणसं दारात गोळा झाली तरी ओरडत होती. छातीवर हात दाबून, घसा फुटेपर्यंत, एकच वाक्य. आणि काचेतला अर्जुना हळूहळू चौकोन-चौकोन होत गेला. आधी कपाळ, मग डोळे. शेवटी नुसता एक पिवळा ठिपका राहिला, आणि तोही गेला.

बिरदेव दुसऱ्या दिवशी लोणंदहून आला होता, माफी मागायला. मावशीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. नंतर राहिलेले विधी झाले, वस्ती रडली, मावशी नाही रडली. सोनमला त्या फोनबद्दल विचारलं तर ती उठून आत जाते.

हे सगळं उशिरा कानावर आल्यावर मी भेटायला गेले. आम्हाला कुणी काही कळवलंच नव्हतं. गेले तेव्हा दिवस मावळत होता, आणि मावशी जोत्यावर बसून फोनशी बोलत होती.

"…मला ठावं न्हवतं रं बाळा. फसवलं मला…"

फोनवर चित्र नव्हतं. नुसता अंधार. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी जवळ जाऊन बघितलं.

कॉल चालू होता. वेळ पुढं पुढं सरकत होती.

नेट बंद होतं. मी तिच्या हातातून फोन घेऊन ॲपमध्ये जाऊन बघितलं, कॉलला किती डेटा गेलाय ते. कमी डेटाचं बटन कधीच काढलेलं. पण त्या सगळ्या महिन्यात वापर होता शून्य.

"तू शिकलेली हाईस," मावशी म्हणाली. "आता माजा कुणावर भरवसा न्हाई. तू तरी खरं सांग. त्याला ऐकू जातंय का माजं?"

मी फोन कानाला लावला.

काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मी काढणार, एवढ्यात…

"ऐकतोय म्या समदं."

अगदी हळू. कानाशीच.

"तिला सांगू नगंस."

मी फोन कानापासून दूर धरला. मावशी माझ्याकडं बघत होती, डोळ्यांत जीव आणून.

मी काय करायला हवं होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं, शहाणपण मला शिकवू नका. मी मान हलवली. म्हणाले, "नाही मावशी. पलीकडं कुणी नाही."

तिनं माझ्या तोंडाकडं लय वेळ बघितलं.

"बरं," म्हणाली. फोन काढून घेतला आणि माझ्याकडं पाठ करून बसली. निघताना पाया पडले, तर आशीर्वाद दिला नाही.

तेव्हापासून मी रोज दिवेलागणीला मावशीला फोन लावते. एकदा खरं काय ते सांगून टाकावं म्हणते.

रोज बिझी लागतो.